चेहऱ्याचं काम

प्रदर्शनाचं छापील पुस्तक बारकीने वहिनीच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत चाळलं आणि मग उलट, शेवटापासून पहिल्यापर्यंत. सत्तावीस चित्रं होती. प्रत्येकाखाली दादाचं नाव होतं, आडनावासकट, ठळक अक्षरांत. आभाराच्या पानावर चौकटी बनवणाऱ्या सुताराचं नाव होतं, दिव्यांची व्यवस्था पाहणाऱ्यांचं होतं, चहा पुरवणाऱ्याचंसुद्धा होतं. हिचं कुठेच नव्हतं.

"कसं वाटलं?" वहिनीने विचारलं. वहिनी स्वभावाने गरीब, तिने ते पुस्तक मोठ्या हौसेने दाखवायला काढलं होतं.

"कागद जाड वापरलाय," बारकी म्हणाली. "चहावाल्याचं नाव आलंय, बरं झालं."

वहिनीला टोमणा कळला असावा, कारण ती एकदम भांडी आवरायला लागली.

बारकीचं वय चव्वेचाळीस. दोन मुलांची आई, केस कानाजवळ पांढरे, तरी माहेरी ती बारकीच. माहेरचा धंदा लघुचित्रांचा. जुन्या दरबारांत तळहाताएवढ्या कागदावर जी चित्रं काढली जायची, तशी चित्रं हे घर तीन पिढ्या काढत आलं होतं. धंद्यात शैली म्हणत नाहीत, कलम म्हणतात. इराणी कलम, मुघल कलम, दख्खनी, राजस्थानी, पहाडी. जो कलम ओळखत नाही त्याच्याशी अण्णा, म्हणजे यांचे वडील, फार वेळ बोलत नसत.

घरातली कामाची वाटणी अण्णांनीच करून दिली होती. रेखाटन अण्णांचं. रंग आणि सोनं दादाचं. चेहरे बारकीचे. ती सोळा वर्षांची असताना अण्णांनी तिच्या हातात खारीच्या केसांचा कुंचला दिला, दोन दिवस नुसते तिचे हात बघितले, आणि मग दादाला सांगितलं की आजपासून तू चेहऱ्याला हात लावायचा नाही. दादाने लावला नाही. त्याला त्यात कमीपणा वाटला की सुटल्यासारखं वाटलं, ते त्याने कधी सांगितलं नाही. लग्न झाल्यावर बारकी दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली, पण रोज दुपारी येऊन बसायची. बाळंतपणाचे महिने सोडले तर एवढ्या वर्षांत घरातून बाहेर गेलेला एकही चेहरा दुसऱ्या कुणी काढलेला नव्हता. आणि सही कुणीच करायची नाही, हा अण्णांचा दंडक. चित्र घराचं, असं ते म्हणायचे.

चार वर्षांपूर्वी अण्णा गेले. घर म्हणजे आता दादा, असं दादानेच ठरवून टाकलं होतं हे बारकीला त्या पुस्तकाने सांगितलं. पुस्तकाच्या कव्हरवर प्रदर्शनाचं नाव होतं: 'एक हात, पाच कलमा'.

एक हात! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दादा आतल्या खोलीत खिडकीशी बसून कागद घोटत होता. चार कागद खळीने एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे, आणि मग अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घासत राहायचं, कागद आरशासारखा होईपर्यंत. या कामाला डोकं लागत नाही, त्यामुळे कुणाची नजर टाळायची असली की दादा कागद घोटायला घ्यायचा.

"एक हात कुणाचा रे?" बारकीने दारातूनच विचारलं.

"अगं, ते नाव मॅडमनी ठेवलं." मॅडम म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुख. "लोकांना असं आवडतं म्हणाल्या. एक माणूस, पाच कलमा. लक्षात राहतं."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? त्यांचं संग्रहालय."

"तू म्हणायचंस की बाई, तीन हात आहेत. त्यातला एक गेला, दोन अजून जिवंत आहेत. एवढं वाक्य जड होतं?"

दादाचा दगड थांबला नाही. "बारके, तू उगाच मनाला लावून घेतेस. चित्र केवढं, त्यात चेहरा केवढा! नखाएवढा. बाकी सगळं, ती बाग, तो महाल, कापड, आकाश, सोनं, कुणी केलंय?"

"नखाएवढा?"

"आकाराने म्हणतोय मी."

"मग काढायचास की तूच. नखाएवढं तर काम. अठ्ठावीस वर्षं माझी वाट कशाला बघत बसायचास? पोर तापाने फणफणलं होतं तेव्हा निरोपावर निरोप कशाला पाठवायचास, की तीन बायका बिनतोंडाच्या बसल्यात, लवकर ये म्हणून?"

दादाने कागद फिरवून घेतला. घास, घास, घास.

"मुघल कारखान्यात," बारकी आता खोलीत आली होती, "चित्राच्या खाली समासात कारकून लिहून ठेवायचा. रेखाटन अमक्याचं, रंग तमक्याचे, चेहरा अमक्याचा. अण्णांनी तुला नि मला शेजारी बसवून दाखवलं होतं ते. बादशाहाच्या कारकुनाला जे जमायचं, ते तुला आपल्या बहिणीसाठी जमेना?"

"पुस्तक छापून झालंय गं. आता काय फाडू?"

"पुस्तक राहू दे. दाराशी मोठी पाटी लागणार आहे ना? तिच्यावर माझं नाव घाल. चेहरे: आणि पुढे नाव. शनिवारच्या आत."

"बघतो," दादा म्हणाला.

दादाच्या 'बघतो'चा अर्थ घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होता.

शनिवारी सकाळी संग्रहालयात दादाचं प्रात्यक्षिक होतं. लोकांसमोर बसून चित्र कसं पूर्ण करतात ते दाखवायचं. बारकी जायचं नाही असं ठरवून उठली आणि साडेदहाला साडी बदलून निघाली. पाटी बघायला म्हणून निघाली, असं ती नवऱ्याला म्हणाली.

पाटी दाराशी होती, पुरुषभर उंच. एक हात, पाच कलमा. खाली दादाचा फोटो, हातात कुंचला, नजर दूर कुठेतरी. कुंचला धरून दूर बघणारा चित्रकार बारकीने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. तिचं नाव नव्हतं. तिने पाटीच्या मागेसुद्धा जाऊन बघितलं. राग आला की माणूस असलं काहीही करतं.

आत भिंतींवर सत्तावीस चित्रं, पाच गटांत. प्रत्येक गटाशेजारी मॅडमनी लिहिलेला मजकूर. बारकीने दख्खनी गटापाशी उभं राहून तो वाचला. 'दख्खनी कलमेतील स्त्रियांचे डोळे अर्धोन्मीलित असतात. जड पापण्यांखाली दडलेली ही नजर या कलमेचा आत्मा होय.' वाचून तिला हसू आलं आणि राग दुप्पट झाला. ती पापणी एका केसाच्या कुंचल्याने, श्वास रोखून, दुपारी दोन ते चारच्या उजेडात कोण काढत होतं? आत्म्याचा कारभार हिने बघायचा आणि फोटो दादाचा लागायचा! शेजारच्या भिंतीवरचे गोल चेहऱ्याचे, बारीक ओठांचे इराणी शहजादे तिचे. प्रत्येक सुरकुती वेगळी असलेले मुघल सरदार तिचे. कानापर्यंत गेलेले माशाच्या आकाराचे राजस्थानी डोळे तिचे, कपाळ आणि नाक एका रेषेत उतरणाऱ्या पहाडी नायिकाही तिच्या. सगळे एकाच बाजूला तोंड करून उभे होते आणि एकही तिच्या बाजूने बोलत नव्हता.

अकरा वाजता दादा टेबलाशी बसला. साठ-सत्तर माणसं होती. टेबलाच्या वर कॅमेरा टांगला होता आणि कागदावर जे होईल ते मागच्या पडद्यावर दाराएवढं दिसत होतं. बारकी सगळ्यांत मागे, खांबाला टेकून उभी राहिली. दादाने फडक्यातून कागद काढून टेबलावर ठेवला, पडदा उजळला, आणि बारकी खांबापासून सरळ झाली.

ते अण्णांचं शेवटचं रेखाटन होतं.

दख्खनी कलम. बागेत उभी असलेली उंच बाई, हातात वाचून झालेलं पत्र. अण्णांनी जाण्याच्या दोन महिने आधी ते काढलं होतं. तेव्हा त्यांना चहाची बशी धरवत नव्हती, पण रेष कुठेही हललेली नाही. दादाने त्यात रंग भरले होते आणि कागद चेहऱ्यासाठी बारकीकडे आला होता. चार वर्षांत तिने तो निदान दहा वेळा समोर घेतला असेल. पांढऱ्या पातळ अस्तराखालून अण्णांची रेष दिसायची, झुकलेली पापणी, ओठांचा किंचित मिटलेला कोपरा, आणि ती कागद परत माहेरच्या फडताळात ठेवायची. हात अजून तेवढा झाला नाही असं तिला वाटायचं. दादाला तो उचलताना तिला विचारावंसं वाटलं नव्हतं. सोनं लावायचं शिल्लक असलेलं तयार चित्र हे एकच, आणि सोनं लावलेलं लोकांना आवडतं, एवढाच त्याचा हिशेब.

सोनं दादाने सुरेख लावलं. खोटं कशाला बोला, त्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नाही. साडीच्या काठावर, बांगड्यांवर, आकाशाच्या कडेला. वाळलं तसं अकीकाच्या टोकाने घोटलं आणि पडद्यावर सोनं लखलखलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादाने घड्याळाकडे बघितलं. त्याचं काम ठरल्यापेक्षा लवकर संपलं होतं.

पहिल्या रांगेतल्या जाड चष्म्याच्या एका आजोबांनी विचारलं, "बाईला तोंड नाही का हो?"

लोक हसले. "चेहरा सगळ्यांत शेवटी," दादा म्हणाला. "आता वेळ होत आला, नाहीतर..."

"छे छे, चांगली पंचवीस मिनिटं आहेत!" मॅडम उत्साहाने म्हणाल्या. "आणि चेहरा बघायलाच तर सगळे आलेत. होऊन जाऊ द्या."

पुन्हा टाळ्या. दादाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याची नजर रांगांवरून फिरत फिरत मागच्या खांबापर्यंत आली आणि तिथे थांबली. बारकीला ती नजर ओळखीची होती. लहानपणी काच फुटली की तो असाच तिच्याकडे बघायचा. ये, असं म्हणत होता तो. काहीतरी कर.

बारकीने हाताची घडी घातली.

बस आता, ती मनात म्हणाली. नखाएवढं तर काम आहे. एक हात ना तुझा? चालव.

दादाने अंगाचा रंग कालवला. इथेच पहिली चूक झाली, आणि ती त्या सभागृहात एकाच माणसाला दिसली. दादा रंगवाला. रंगवाला कापडावर रंग देतो तसा भरून, दाट, सपाट देतो. चेहऱ्याचा रंग तसा देत नाहीत. तो पाण्यासारखा पातळ द्यायचा, म्हणजे खालची रेष दिसत राहते आणि तिच्या आधाराने पुढे जाता येतं. दादाने कापडावर द्यावा तसा दिला. रंगाच्या एका हाताने पापणी गेली, दुसऱ्या हाताने ओठांचा कोपरा गेला. पडद्यावर दाराएवढा, गुळगुळीत, कोरा चेहरा राहिला.

अजून ओला होता. ओला कुंचला आणि कापूस घेऊन कुणी धावलं असतं तर तेवढा रंग उचलून घेता आला असता, खालची रेष वाचली असती. कुणी म्हणजे कोण, हे बारकीला पक्कं ठाऊक होतं. खांबापासून टेबलापर्यंत वीस पावलं. ती हलली नाही. सगळ्यांना दिसू दे, असं तिला वाटत होतं. एकदाचं दिसू दे.

मग दादाने डोळा काढला. आधाराला रेष उरली नव्हती, त्यामुळे हात सवयीच्या वाटेने गेला. दादाने जन्मात चेहरे काढले होते ते अण्णांच्या मनाईआधी, एकाच ठिकाणी, दुकानात ठेवायच्या भेटकार्डांवर, डझनाने, आणि त्या सगळ्या कार्डांवर राजस्थानी बाई. तोच डोळा आला. भला मोठा, माशासारखा, टक्क उघडा, कोपरा कानाकडे ओढलेला. पत्र वाचून स्वतःत बुडालेल्या दख्खनी बाईला त्याने बाजारात ओळखीचं माणूस दिसल्यासारखं बघायला लावलं.

आता, बारकीला वाटलं. आता कळणार. आता कुणीतरी म्हणणार, अहो, हे काय?

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. मॅडम तर टेबलापाशी गेल्या. "काय भावपूर्ण डोळा आहे!" त्या म्हणाल्या. "दख्खनी कलमेचा आत्मा, आपल्यासमोर उमटला." त्यांच्या खांद्यामागे भिंतीवर त्यांचाच मजकूर होता, जड पापण्यांचा.

बारकी वीस पावलं कधी चालली ते तिला कळलंच नाही.

"डोळा चुकलाय," ती टेबलाशी येऊन म्हणाली. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"माफ करा?" मॅडम म्हणाल्या.

"दख्खनी बाईला राजस्थानी डोळा काढलाय. तुम्हीच लिहिलंय ना तिकडे, अर्धवट मिटलेला असतो म्हणून? मग हा काय आहे? ही बाई झोपेत दचकल्यासारखी दिसतेय आणि तुम्ही टाळ्या काय वाजवता?"

मॅडम हसून म्हणाल्या, "कलाकाराला थोडं स्वातंत्र्य असतं. आपण कोण?"

"मी चेहरेवाली."

दादाने कुंचला खाली ठेवला होता आणि तो कागदाकडे बघत होता.

"या भिंतींवर सत्तावीस चित्रं आहेत," बारकी लोकांकडे वळली. "त्यातला एकूण एक चेहरा मी काढलाय. रेखाटन आमच्या वडिलांचं, रंग आणि सोनं याचं, चेहरे माझे. पुस्तकात नाही, पाटीवर नाही, पण माझेच आहेत. आणि हा टेबलावरचा एक याचा. जा, बघून या. फरक दिसतो का बघा. नाही दिसला तर मी खोटी."

कुणी हललं नाही. मग एक बाई उठून भिंतीकडे गेली, तिच्यामागे आणखी दोघं. हळूहळू सगळेच गेले, वाकून, चष्मे वर-खाली करून, चित्रावरून पडद्याकडे आणि पडद्यावरून चित्राकडे बघू लागले. चष्मेवाले आजोबा परत येऊन प्रामाणिकपणे म्हणाले, "मला बाई सगळे सारखेच वाटतात." पण ती पहिली उठलेली बाई दख्खनी गटापाशी बराच वेळ उभी राहिली आणि तिथूनच मोठ्याने म्हणाली, "नाही हो. या बायका कुणाकडेच बघत नाहीयेत. ती तिकडची आपल्याकडे बघतेय." त्यानंतर कुजबुज वाढत गेली.

मॅडमचा चेहरा उतरला. त्या दादाकडे वळल्या. "हे खरं आहे?"

दादाला नाही म्हणता आलं असतं. बारकी त्यासाठी सगळी शस्त्रं परजून उभी होती.

"खरं आहे," दादा म्हणाला. "सगळे तिचेच."

मॅडमनी कपाळाला हात लावला, मग मान हलवली. पाटी सोमवारपर्यंत बदलते म्हणाल्या, पुस्तकात वेगळं पान चिकटवू म्हणाल्या, आणि कागद-पेन आणायला ऑफिसकडे गेल्या. इतकं सोपं होतं. अठ्ठावीस वर्षं लागली आणि पाच मिनिटांत झालं. बारकीला वाटलं होतं की छातीवरचा दगड उतरेल. ती टेबलाशी उभी होती आणि राग होता तिथेच होता, फक्त आता तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

दादा हळू आवाजात म्हणाला, "हे आता निघेल का गं?"

"वाळलंय," बारकी म्हणाली. "आता पुसलं तर खालची रेषपण निघून जाईल. अण्णांची."

"म्हणजे गेलं."

"गेलं."

दादाने कागद स्वतःकडे थोडा ओढला. "मी रंग दाट दिला ना? तिथेच चुकलं."

"हो."

"तुला तेव्हाच दिसलं असेल. पडद्यावर केवढं मोठं होतं."

बारकीने पडद्याकडे बघितलं.

"ओला होता तेव्हा," दादा म्हणाला. "तेव्हा उचलता आला असता."

"तेव्हा आले असते तर तू वाचला असतास," बारकी म्हणाली. "मी चेहरा केला असता, लोकांनी तुला टाळ्या वाजवल्या असत्या आणि सोमवारी पाटीवर तूच राहिला असतास."

"राहिलो असतो," दादाने मान्य केलं. "माझं नाक कापलंस ते बरोबर केलंस. मी त्याच लायकीचा. पण अण्णांनी काय वाईट केलं होतं गं तुझं?"

मॅडम कागद आणि पेन घेऊन आल्या. लोक अजून भिंतींपाशी वाकून बघत होते. "आपलं पूर्ण नाव सांगा," त्या म्हणाल्या. "या वेळी चूक नको."

बारकीने नाव सांगितलं. मॅडमनी ते लिहून घेतलं आणि बरोबर आहे का म्हणून तिच्यासमोर धरलं. बारकीने न बघताच मान हलवली.